प्रॅक्टिकलच्या मासोळ्या

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या फाटकावर ‘विज्ञान शाखा’ अशी निळी पाटी आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आत एक प्रयोगशाळा आहे, तिची किल्ली माझ्याकडे असायची, आणि दहा वर्षांत त्या प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त वेळा झालेला प्रयोग म्हणजे मरळ मासोळीचा रस्सा. तो मीच करायचो. माझं नाव घनश्याम, हुद्दा प्रयोगशाळा परिचर, नोकरीची अजून तीन वर्षं बाकी. दर फेब्रुवारीत बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक येतो, त्याला आम्ही ‘एक्स्टर्नल’ म्हणतो. त्याच्या जेवणाची सोय प्रयोगशाळेच्या गॅसवर होते. डिसेक्शनचे ट्रे आहेत, त्यांच्यात कांदा चिरतात.

मला जिची गोष्ट सांगायची आहे ती पोरगी या घाणीत कशी सापडली ते कळायला आधी ही घाण सांगावी लागेल. चंद्रपूरकडच्या मूल गावावरून गडचिरोलीला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. कॉलेजच्या पटावर ऐंशी पोरं, त्यातली एकाहत्तर नागपूरची. ती तिकडे डॉक्टर-इंजिनिअर बनवणाऱ्या क्लासमध्ये दिवसभर बसतात. कॉलेजात जायला त्यांना वेळ नाही, पण बारावी तर कुठल्या तरी कॉलेजातूनच द्यावी लागते. मग क्लासवाले जंगलातलं आमच्यासारखं एखादं कॉलेज शोधून काढतात, जिथं कोणी काही विचारत नाही. पोरांची नावं इथं, पोरं तिथं. वर्षातून एकदा प्रॅक्टिकलला बसमधून येतात आणि जेवणाच्या आत परत जातात.

त्यांची हजेरी मी भरायचो. महिन्याच्या शेवटी तीन वेगवेगळे पेन घेऊन बसायचं आणि मधूनमधून कोणाला तरी गैरहजर टाकायचं, म्हणजे खरं वाटतं. एका पोराला तर मी तापानं आठ दिवस आजारी पाडलं होतं, पालकाच्या अर्जासकट. प्राचार्य गुणवंतराव ते पाहून खूश झाले. “घनश्याम, तुयात कला आहे बे,” म्हणाले. आज हे लिहिताना शिसारी येते, पण तेव्हा मी दात काढून हसलो होतो.

उरलेली नऊ पोरं आसपासच्या गावांची. शिकवायला कोणी नाही तर रिकाम्या वर्गात बसणार किती दिवस? अकरावीच्या दिवाळीपर्यंत आठ जण यायचे बंद झाले. कोणी धान कापायला लागलं, कोणी चंद्रपूरला कामावर गेलं. एकटी येत राहिली. दिव्यानी मुखरू पचारे, मुक्काम चिखलबोडी.

चिखलबोडी आमच्यापासून नऊ किलोमीटर, मध्ये सगळं जंगल. पचारे जातीचे ढिवर. गावचा तलाव मच्छीमार संस्थेकडे आहे. मुखरू त्यात जाळं टाकतो, बायको सुगंधाबाई आठवडी बाजारात मासोळी विकते, पावसाळ्यात दोन एकर धान. दिव्यानी आठवीत असताना मत्स्य विभागाच्या एक बाई तलावात मासोळीचं बीज सोडायला आल्या. गावचे सगळे गडी काठावर उभे राहून पाहत होते. या पोरीनं जवळ जाऊन विचारलं, “बाई, तुमी हे कुठी शिकल्या?” त्या म्हणाल्या, नागपूरला मासोळ्यांचं कॉलेज आहे, बारावी सायन्स करून तिथं जाता येतं.

त्याच दिवशी तिनं वहीच्या मागच्या पानावर पुढची चार वर्षं लिहून काढली. ते पान मी पाहिलं आहे. नववी: गणिताला घाबरायचं नाही. दहावी: विज्ञानात ऐंशी. अकरावी: जीवशास्त्र घेणे, कॉलेज बसच्या रस्त्यावरचं पाहणे, जातीचा दाखला काढून ठेवणे. बारावी: प्रवेश परीक्षा, तीन फोटो. आमच्याकडची पोरं दहावीनंतर मित्र जिकडे जातो तिकडे जातात. ही पोरगी एक एक ओळ खोडत आली होती. दहावीच्या मास्तरांनी म्हटलं, “सायन्स तुमाले झेपत नाई, आर्ट घे.” तिनं मास्तरांचं ऐकून घेतलं आणि अर्ज आमच्याकडे भरला, कारण आम्ही बसच्या रस्त्यावर होतो.

अकरावीच्या ऑगस्टमध्ये ती प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

“काका, मायक्रोस्कोप दाखवता का?”

मायक्रोस्कोप होता. पण तो तपासणीच्या दिवशी टेबलावर ठेवायचा आणि संध्याकाळी पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायचा, असा नियम. मी म्हटलं, “मॅडमले विचार.”

“मॅडम मंगळवारीच येते. आज गुरुवार आहे.”

खरं होतं. जीवशास्त्राच्या मॅडम मंगळवारी येऊन आठवड्याच्या सह्या करायच्या आणि मोबाइलवर बोलत व्हरांड्यात फिरायच्या. मला त्या दिवशी काही काम नव्हतं, म्हणून मी पिशवी सोडली. माझ्या मनात काही थोर वगैरे नव्हतं. तिनं दप्तरातून बाटली काढली, तलावाचं पाणी होतं त्यात. एक थेंब काचेवर ठेवला, बराच वेळ चाकं फिरवली, आणि म्हणाली, “चालून राह्यलं, काका. पहा ना.”

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी त्या नळीला पहिल्यांदा डोळा लावला. आत काहीतरी पारदर्शक होतं आणि ते स्वतःचे केस हलवत चाललं होतं. मला फार बरं वाटलं. या सगळ्या किळसवाण्या गोष्टीत तेवढी एक गोष्ट मी हसून सांगू शकतो.

त्यानंतर रोज अकरा ते एक मी प्रयोगशाळा उघडायला लागलो. ती पुस्तकातून प्रयोग वाचायची, मी बाटल्या शोधायचो. निम्म्या बाटल्या वाळून गेल्या होत्या. जे मिळायचं नाही ते ती घरून आणायची, पानं, बिया, बेडकाची अंडी. दोन वर्षांत आम्ही दोघांनी जीवशास्त्राचे बहुतेक सगळे प्रयोग केले. तिला पक्कं माहीत होतं की भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रात ती जेमतेम निघणार, कारण ते शिकवायला आमच्याकडे कोणी नव्हतंच. मासोळ्यांच्या कॉलेजात ठराविक टक्क्यांच्या खाली अर्ज घेत नाहीत. ती मर्यादा ओलांडायला तिच्या हातात एकच गोष्ट होती, जीवशास्त्राचं तीस गुणांचं प्रॅक्टिकल. तिथं पंचवीस मिळाले तर नागपूर, नाहीतर चिखलबोडी.

बारावीच्या जानेवारीत गुणवंतरावांनी मला ऑफिसात बोलावलं. “त्या पचारेच्या पोरीले सांग, बापाले मरळ आणाले लाव म्हना. पाच-सहा किलो. यंदाचा एक्स्टर्नल मासोळीचा शौकीन आहे.”

मी प्रयोगशाळेत आलो. दिव्यानी वहीत मासोळीच्या कल्ल्यांची आकृती काढत होती. आता तिला कसं सांगायचं, की तुझ्या परीक्षकाला खायला घाल? मी म्हटलं, “बाबाले सांगजो, प्रॅक्टिकलले मासोळ्या पाहिजेत. चांगल्या.”

“कोणत्या, काका?”

“कोणत्याही. मरळ तर पाहिजेच.”

तिचा चेहरा उजळला. तो मी पाहिला आणि तरी गप्प बसलो. दुसऱ्या कोणाला एवढं सांगितलं असतं तर त्यानं समजून घेऊन पिशवीभर मरळ आणून टाकली असती. पण मुखरूच्या घरात पहिल्यांदा कोणी विज्ञान शिकत होतं. प्रॅक्टिकलला मासोळ्या पाहिजेत म्हणजे प्रॅक्टिकललाच पाहिजेत.

प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी आठ वाजता मालाचा ऑटो फाटकाशी थांबला. मुखरू आणि त्याच्या संस्थेतला पत्रू, दोघं उतरले. मुखरूनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. त्यांनी एकेक करून नऊ जर्मनची गंजं, म्हणजे पातेली, खाली उतरवली, पाणी सांडू न देता. प्रत्येकात जिवंत मासोळ्या, आणि प्रत्येक गंजाच्या कानाला दोऱ्यानं बांधलेला पुठ्ठा. त्यावर दिव्यानीच्या अक्षरात गावचं नाव आणि खाली शास्त्रीय नाव. मांगूर होती, शिंगी होती, वाम होती, झिंगे होते, एक बोटाएवढी मासोळी होती जिच्या अंगातून पलीकडचं दिसत होतं. सगळ्या संस्थेनं दोन दिवस जाळं टाकून एकेक जात वेगळी काढली होती.

“नऊ जातीच्या आहेत, भाऊ,” मुखरू मला म्हणाला. “तळ्यात दहावी पन आहे, पन ते भेटली नाई. हे मरळीची जोडी आहे, नर आन मादी. पोट्ट्याईनं पाह्यली का मले वापस देजा. तळ्यात सोडून देईन. अशी जोडी ठेवा लागते.”

गुणवंतराव बाहेर आले. त्यांनी एका गंजात पाहिलं, दुसऱ्यात पाहिलं.

“हे का आनलं बे? झिंगे? हे काटेरी चिल्लर मी साहेबाले चारू का?”

मुखरूला वाटलं मासोळ्या कमी पडल्या. तो हात जोडून म्हणाला, “साहेब, दहावी उद्या सकाळीच आनून देतो.”

गुणवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. “मरळ किती भरन?”

“दोन्ही मिळून अडीच किलो.”

“भागन. ठेव आत.”

मी मुखरूला सांगितलं, चार वाजता ये. तो आणि पत्रू समाधानानं गेले. दिव्यानीनं गंजं प्रयोगशाळेच्या टेबलावर ओळीनं मांडली, वही उघडली आणि त्यांच्यामागे उभी राहिली.

दहा वाजता बस आली. पोरं वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. पांढरीफटक, झोप न झालेली पोरं. एकानं मला विचारलं, “अंकल, या गावाचं नाव काय?” मी त्याचं नाव विचारलं तेव्हा कळलं, हाच तो, ज्याला मी आठ दिवस तापात ठेवलं होतं. सगळ्यांच्या प्रयोगवह्या क्लासकडून खोक्यात भरून आल्या होत्या, एकाच हाताच्या. पोरं हॉलमध्ये बसली, फळ्यावरची उत्तरं उतरवली, सह्या केल्या. दीड तासात बस परत गेली. प्रयोगशाळेकडे कोणी फिरकलंसुद्धा नाही.

साडेबाराला गुणवंतरावांनी निरोप पाठवला, गॅस लाव. मी मरळीचं गंज उचललं.

“काका, कुठी नेता?” दिव्यानीनं विचारलं.

“ऑफिसात. साहेबाले दाखवाले.”

मरळ लवकर मरत नाही. पाण्याबाहेर काढली तरी बराच वेळ जीव धरून राहते. मी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, जिथं गॅस होता, ट्रेमध्ये ती जोडी कापली. त्यापुढचं सांगत नाही. रस्सा उकळायला लागला तसा वास भिंतीपलीकडे गेला. ढिवराच्या पोरीला तो वास कशाचा हे कोणी सांगायची गरज नव्हती.

ऑफिसात टेबलावर ताट आणि ताटाशेजारी गुणांचा तक्ता. एक्स्टर्नल मऊ आवाजाचा माणूस होता. डाव्या हातानं तक्ता सरकवत, उजव्यानं काटे काढत तो म्हणाला, “गुणवंतराव, सगळ्यांनाच अठ्ठावीस, तीस? बोर्ड विचारतं हो.”

“लोकलचे नऊ आहेत ना पटावर, सर. त्यांना सतरा, अठरा टाका. म्हणजे बरोबर दिसते.”

“ही पचारे?”

“लोकल.”

“सतरा,” असं म्हणत त्यानं लिहिलं आणि मरळीचं डोकं स्वतःच्या ताटात ओढून घेतलं.

माझ्या हातात पळी होती. मी म्हटलं, “साहेब, हे पोरगी रोज येत होती.” गुणवंतराव हसले. “म्हणजे तुया वळखीची आहे. वाढ, रस्सा वाढ.” कुंपणच शेत खातं म्हणतात. इथं कुंपण जेवायला बसलं होतं, आणि मी वाढला रस्सा.

तेवढ्यात दारात दिव्यानी आली.

“सर, माझी परीक्षा राह्यली.”

एक्स्टर्नलनं मान वर केली. “झाली ना बेटा. सगळ्यांची झाली.”

“माझ्याकडं कोनी आलंच नाई, सर. मी दहा वाजतापासून उभी आहे.”

एक्स्टर्नलनं ताटातच हात धुतला, रुमालाला पुसला, आणि “थेअरीचा अभ्यास कर” असं तिच्याकडे न पाहता म्हणाला. ती ताटाकडे पाहत होती. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही.

चार वाजता मुखरू आला. त्याला तिनंच सांगितलं. मी मागच्या खोलीत भांडी घासत होतो, खिडकीतून दिसत होतं. त्यांनी आठ गंजं ऑटोत ठेवली. नवव्या गंजात मरळीचं नुसतं पाणी होतं, ते मुखरूनं कडेला ओतलं. मला काही विचारायला तो आला नाही. त्यानं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात बोर्डाची दोन माणसं चौकशीला येणार असं कळलं. पोरीनं रजिस्टर पोस्टानं तक्रार केली होती. गुणवंतरावांनी मला बसवून पढवलं. मासोळी बाजारातून आणली. पोरगी दोन वर्षं गैरहजर, त्या दिवशीही गैरहजर. मग त्यांनी हजेरीपट माझ्यापुढे टाकला. “तिच्यावाली हजेरी खोड. साहेब लोक येन्याच्या आत.”

त्या अख्ख्या पटात खरी हजेरी एकच होती, आणि तीच मला खोडायची होती. मी पेन उघडला. आणि खोडायलाही लागलो. ऑगस्ट खोडून झाला तेवढ्यात बोर्डाची माणसं येऊन पोचली आणि मला ऑफिसात बोलावणं आलं.

इथं एक कबूल करतो. तक्रार झाली म्हटल्यावर मला वाटलं होतं, पोरगी साक्षीदार म्हणून माझंच नाव देणार. दुसरं होतं कोण तिचं? आपण कसं बोलायचं, किती धीरगंभीरपणे बोलायचं, हे मी मनात घोळवूनही ठेवलं होतं. पेन हातात होता तरी घोळवत होतो, असा मी माणूस.

बाकावर दिव्यानी बसली होती, शेजारी मुखरू. बोर्डाच्या अधिकाऱ्यानं तिच्या तक्रारीची चिठ्ठी वाचली. दोष कोणाचा त्याची यादी होती. पहिला एक्स्टर्नल, दुसरे प्राचार्य, तिसरा मी. “श्री. घनश्याम यांनी दोन वर्षे मला प्रयोगशाळा उघडून दिली. मासोळ्या प्रॅक्टिकलसाठी पाहिजेत असे मला त्यांनीच सांगितले. मरळीची जोडी त्यांनीच कापली, शिजवली व वाढली.”

मला राग आला. अंगाची आग झाली. जिच्यासाठी मी कुलूप उघडत होतो, तिनं मला त्या दोघांच्या ओळीत बसवलं? गुणवंतराव माझ्याकडे टक लावून पाहत होते. अधिकाऱ्यानं विचारलं, “हे खरं आहे का?”

मी चिठ्ठीतली तीन वाक्यं पुन्हा मनात म्हटली. त्यात एकही शब्द वाढवलेला नव्हता. पहिलं वाक्यसुद्धा तिनं गाळलं नव्हतं.

“खरं आहे,” मी म्हटलं. “हजेरीपटही पाहा, साहेब. ऑगस्ट मी आत्ताच खोडला. शाई वाळायची आहे.”

दिव्यानीची परीक्षा गडचिरोलीच्या एका कॉलेजात पुन्हा झाली. कोण्या मॅडमनी तिला चाळीस मिनिटं प्रश्न विचारले. तीसपैकी सत्तावीस. गुणवंतराव अजून प्राचार्य आहेत, त्यांची चौकशी चालूच आहे म्हणतात. यंदाही नागपूरची बस आली, रस्सा दुसऱ्या कोणी केला. माझ्याकडची किल्ली काढून घेतली, आता मी दाखल्यांवर शिक्के मारतो.

तिचं नाव नागपूरच्या यादीत लागलं तेव्हा ती शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला माझ्याच खिडकीशी आली. मी शिक्का मारला, दाखला हातात धरून ठेवला आणि इतके महिने पोटात होतं ते बोललो.

“तुयासाठी मी नोकरीची पर्वा नाई केली, बाई.”

दिव्यानीनं थोडा विचार केला. बाटलीवरचं नाव वाचून विचारायची, तितक्याच साधेपणानं तिनं विचारलं, “काका, चिठ्ठीत तुमचं नाव नसतं, तर बोलले असते का?”

ती खिडकीशी उभी राहिली. बस येईपर्यंत तिनं उत्तराची वाट पाहिली. मग मी दाखला दिला.